कुरळ्या केसांना घरची कात्री

एप्रिल २०२० मध्ये सचिन तेंडुलकरने स्वतःचे केस स्वतःच कापतानाचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकले आणि स्क्वेअर कट मारणारा आता हेअर कटही मारतोय, अशा अर्थाची कोटी त्यावर केली. त्याच्या थोडं आधी, अनुष्का शर्मा स्वयंपाकघरातल्या कात्रीने विराट कोहलीचे केस कापत असल्याचा व्हिडिओ घरोघरी पाहिला गेला होता. टाळेबंदी २५ मार्चला लागली. महाराष्ट्रातली सलून उघडली ती थेट २८ जूनला. तेवढ्या तीन महिन्यांत शिवणाच्या डब्यातल्या, देव्हाऱ्याशेजारच्या खणातल्या, ओट्यावरच्या अशा सगळ्या कात्र्या डोक्यापर्यंत पोहोचल्या.

सरळ केसांच्या घरांत त्यातून फार तर वाकडीतिकडी पायरी पडली. कुरळ्या केसांच्या घरांत मात्र वेगळाच प्रकार झाला. ओले असताना खांद्याला टेकतील असे बेताने कापलेले केस वाळल्यावर कानाशी जाऊन बसले. एक बाजू वर, एक खाली, आणि ‘सारखे करू’ म्हणत कापत गेलं की आणखी वर.

खरं तर हा घोटाळा टाळेबंदीचा नव्हता. कुरळ्या केसांच्या मुलींना तो सलूनमध्येही नवा नाही. तिथली नेहमीची पद्धत अशी असते, की केस ओले करायचे, कंगव्याने ताणून सपाट करायचे, दोन बोटांच्या चिमटीत धरायचे आणि बोटाच्या रेषेत कापायचे. लंडनच्या व्हिडाल ससूनने १९६०च्या दशकात आपल्या भौमितिक कटांनी जगभरच्या केशकर्तनाला जी शिस्त लावली, तिचा पाया ही रेषा आहे. सरळ केसांत बोटांमधली रेषा हीच डोक्यावरची रेषा असते. कुरळ्या केसांत बोटं सोडली की रेषा मोडते.

का मोडते, हे कळलं की निम्मं काम झालं. कुरळा केस ज्या मुळातून उगवतो ते त्वचेखाली वक्र असतं आणि केसाचा आडवा छेद गोल नसून लांबट असतो. केस बनतो केराटिन या प्रथिनाचा. त्याचे धागे मुख्यतः दोन तऱ्हांच्या बंधांनी एकमेकांना धरून असतात. गंधकाचे बंध पक्के, ते रसायनांशिवाय सहसा तुटत नाहीत. हायड्रोजनचे बंध कच्चे, ते पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. म्हणून ओला केस लोंबतो, ताणला तर जवळजवळ तीस टक्क्यांपर्यंत लांबतो आणि वाळताना पुन्हा आपल्या वळणावर येतो. केसाच्या या संवेदनशीलतेचा उपयोग करून स्विस शास्त्रज्ञ ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी १७८३ मध्ये हवेची आर्द्रता मोजण्याचं यंत्र मांडलं. त्यात काटा फिरवायला माणसाचा केस वापरला होता. जूनमध्ये मुंबई-रत्नागिरीकडे केस जे फुलून बसतात, त्यामागे हाच गुण आहे.

आता आकडेमोड. शेजारशेजारच्या दोन बटा घ्या. दोन्ही ओल्या असताना दहा इंचांवर कापल्या. पहिली सैल वळणाची, वाळल्यावर पावपट आखडते, म्हणजे साडेसात इंचांवर थांबते. दुसरी घट्ट वळणाची, निम्मी आखडते आणि पाच इंचांवर जाते. कापताना एकाच रेषेत होत्या, वाळल्यावर अडीच इंचांचा फरक. आणि एकाच डोक्यावर अशा बटा असतातच. मानेजवळच्या बहुतेक वेळा घट्ट, वरच्या थरातल्या उन्हाने आणि कंगव्याने सैल पडलेल्या, कपाळाशी आणखी वेगळ्या. त्यात भर म्हणजे टोकाचं वजन कमी झालं की उरलेली बट स्प्रिंगसारखी थोडी आणखी वर उचलली जाते. लांब, लाटदार केसांत हे विशेष जाणवतं, कारण तिथे लाट वजनानेच सरळ झालेली असते.

यावर तोडगा काय, याबद्दल जाणकारांतही एकमत नाही. न्यूयॉर्कमध्ये विदाद नावाच्या केशतज्ज्ञ बाईंनी १९८४ मध्ये फक्त कुरळ्या केसांसाठी सलून काढलं. त्यांची पद्धत ओल्या केसांवर, बटा एकमेकींत बसतील अशा तऱ्हेने आतून कोरून कापायची. त्याच शहरात देवाचान सलूनच्या लॉरेन मॅसी यांनी उलटा मार्ग धरला: केस कोरडे, मोकळे, जसे पडतात तसे, आणि एकेक बट स्वतंत्र कापायची. त्यांचं ‘कर्ली गर्ल’ हे पुस्तक या शतकाच्या सुरुवातीला आलं आणि कुरळे केस सरळ न करता सांभाळण्याच्या चळवळीचा तो आधारग्रंथ झाला. सलूनमधल्या खुर्चीसाठी कोणती पद्धत चांगली, हा वाद चालू राहो. ओले केस कापायला वाळल्यानंतरचं रूप आधीच दिसणारी, सरावलेली नजर लागते. स्वतःच्या डोक्यामागे हात नेऊन आरशात पाहणाऱ्या माणसाकडे ती नसते. त्यामुळे घरी कापायचे तर कोरडेच.

आणि किती? घरच्या कात्रीचं काम टोकं काढण्यापुरतं. अर्धा सेंटिमीटर, फार तर दोन. नवे लेयर पाडणं, पाठीवरचे केस खांद्यापर्यंत आणणं, डोक्याचा एकूण आकार बदलणं ही कामं सलूनची. एका लांबीत राखलेले दाट कुरळे केस वर चपटे आणि खाली पसरून त्रिकोणी दिसायला लागले, तर तो त्रिकोण घरी टोकं काढून जात नाही. त्यासाठी आतलं वजन कमी करावं लागतं आणि तिथे चुकलं तर ते वर्षभर डोक्यावर वागवावं लागतं. पण टोकांच्या बाबतीत कुरळे केस सरळ केसांपेक्षा कितीतरी क्षमाशील असतात. सरळ केसांत अर्धा सेंटिमीटर चुकला की पायरी दिसते, इथे तो वळणात विरून जातो.

कात्रीबद्दल मात्र तडजोड नको. केस कापायची वेगळी कात्री मिळते, साधारण साडेपाच-सहा इंचांची, पातळ पात्यांची. सौंदर्यप्रसाधनांच्या किंवा सलूनच्या सामानाच्या दुकानात ती काहीशे रुपयांत येते. स्वयंपाकघरातल्या कात्रीच्या एका पात्याला बहुधा बारीक दाते असतात. ते पकड घेण्यासाठी असतात आणि केस कापण्याऐवजी चिरडतात. चिरडलेलं टोक थोड्याच दिवसांत दुभंगतं, म्हणजे ज्यासाठी कापले तेच पुन्हा. मेरठच्या कात्रीला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, शिंप्यांच्या टेबलावर तिचा मान मोठा, पण कापडाची ती जड कात्री डोक्याशी आणू नये. विकत घेतलेल्या कात्रीने घरात दुसरं काहीही कापायचं नाही. दुधाची पिशवी तर नाहीच! धार तपासायला ओला टिश्यू पेपर घ्यावा. तो स्वच्छ कापला गेला तर ठीक, ओढला गेला किंवा फाटला तर कात्री आधी धार लावायला द्यावी.

केस विरळ करायची दातेरी कात्री सलूनमध्ये पाहून अनेकांना घ्यावीशी वाटते. कुरळ्या केसांवर ती घरी वापरू नये. तिने बटेच्या मधोमध आखूड केस तयार होतात, ते आपापल्या दिशेने वळतात आणि सगळं डोकं पिंजारलेलं दिसतं. वस्तऱ्याचं किंवा ब्लेडचंही तसंच, त्याने टोक तिरकं तासलं जाऊन लवकर फाटतं.

बाकी सामान घरातलंच. चार-सहा मोठे चिमटे, खांद्यावर घ्यायला जुनी ओढणी किंवा चादर, खाली वर्तमानपत्र, भिंतीवरचा आरसा आणि मागचं पाहायला हातातला दुसरा. मोबाइलचा कॅमेरा दुसऱ्या आरशापेक्षा उपयोगी पडतो. कापण्याआधी समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून फोटो काढून ठेवावेत. मागचा फोटो घरातल्या कुणाला काढायला सांगावा. कापून झाल्यावर ‘जास्तच गेले का’ या शंकेचं उत्तर त्या फोटोंत असतं.

दिवस निवडणं हे कात्रीइतकंच महत्त्वाचं, आणि नेमकं इथेच आपल्याकडच्या सवयी आड येतात. रविवारी सकाळी डोक्याला तेल चोपडलं, हातात वेळ आहे म्हणून लगेच कात्री घेतली, असं होतं. तेलाने बट जड होऊन लांबते आणि चार बटांची एक होऊन चिकटते. वळण कुठे आहे ते दिसतच नाही. रात्री घट्ट वेणी घालून झोपण्याची सवय असेल तर सकाळी दिसणारी लाट केसांची नसते, वेणीची असते. तिच्या भरवशावर कापलं तर धुतल्यावर फसगत ठरलेली. त्यामुळे क्रम असा ठेवावा: आदल्या दिवशी केस धुवावेत, कंडिशनर लावलेला असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने किंवा बोटांनी गुंता काढावा, मग जेल, सीरम, तेल काहीही न लावता मोकळे वाळू द्यावेत. टॉवेलने खसाखसा पुसू नयेत. जुना सुती टी-शर्ट दाबून पाणी टिपावं. एकदा वाळले की पुन्हा कंगवा नाही, थेट कात्री.

बोअरवेलच्या जड पाण्याच्या गावांत आणखी एक काळजी घ्यावी. त्या पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा थर केसांवर बसून ते राठ होतात आणि टोकं असतात त्यापेक्षा खराब वाटतात. कापण्याच्या आदल्या धुण्यात शेवटचं पाणी तरी फिल्टरचं किंवा साठवलेल्या पावसाचं घ्यावं. मग जे फाटलेलं दिसेल ते खरोखर फाटलेलं असेल.

तिन्हीसांजेला केसांना कात्री लावू नये, असं घरातल्या मोठ्या बायका सांगत आल्या आहेत. कारण काहीही असो, सल्ला पाळण्यासारखा आहे. ट्यूबलाइटच्या उजेडात काळ्या केसांची टोकं दिसत नाहीत. सकाळी खिडकीपाशी बसावं. भर पावसाळ्याच्या दमट दिवशी केस जास्त फुललेले आणि आखडलेले असतात, त्या दिवशी आकार ठरवू नये. कोरड्या दिवशीची सकाळ मिळाली तर उत्तम.

आपले केस नेमके कोणत्या जातीचे, हेही एकदा पाहून घ्यावं. ओप्रा विन्फ्रेचे केशतज्ज्ञ आंद्रे वॉकर यांनी केलेली वर्गवारी आता जगभर वापरली जाते. त्यात पहिला प्रकार सरळ, दुसरा लाटदार, तिसरा कुरळा, चौथा अगदी घट्ट पिळाचा. पुढे अ, ब, क अशा पायऱ्या. आपल्याकडे दुसरा आणि तिसरा प्रकार भरपूर आढळतो, बऱ्याचदा दोन्ही एकाच डोक्यावर. त्या वर्गवारीत अडकून पडायचं कारण नाही. एवढंच पाहायचं, की मोकळी सोडलेली बट इंग्रजी ‘एस’सारखी लोंबते की बोटाभोवती गुंडाळल्यासारखी फिरते. गुंडाळली जात असेल तर बटेबटेने कापावं. नुसती लाट असेल तर पुढे सांगितलेली पोनीची पद्धतही चालते.

बटेबटेची पद्धत अशी. केस कोरडे आणि मोकळे. एका कानामागून दुसऱ्या कानामागे भांग पाडून पुढचे केस पुढे, मागचे मागे करावेत. मागच्यांपैकी वरचा थर चिमट्याने वर बांधून टाकावा आणि मानेलगतच्या खालच्या थरापासून सुरुवात करावी. सुरुवात तिथूनच का? कारण हात बसेपर्यंत ज्या चुका होतात त्या वरच्या थराखाली झाकल्या जातात. समोरच्या बटेपासून सुरू करण्याचा मोह होतो, ती दिसते म्हणून. पण ती सगळ्यात शेवटी.

एक बट घ्यावी. बट म्हणजे जे केस आपणहून एकत्र वळलेले आहेत ते. आपण भांग पाडून वेगळे केलेले नव्हेत. ती अलगद उचलावी, ताणू नये. टोकाला पाहावं. निरोगी टोक वळण पूर्ण करून संपतं. खराब टोक शेवटी विसकटतं, सरळ होतं, रंगाने फिकं दिसतं, हाताला खरखरीत लागतं. विसकटायला लागलेल्या जागेच्या किंचित वर, जिथे बट वळून आत येते तिथे, कात्री लावावी. वळणाच्या बाहेरच्या फुगवट्यावर कापलं तर टोक बाहेर उडतं, आत कापलं तर ते वळणात बसतं. कात्री आडवी धरून एकदम छाटण्यापेक्षा तिरकी धरून टोकाटोकाने दोन-तीन छोटे काप द्यावेत. कात्री अंगठा आणि अनामिकेत धरावी. हलतो तो फक्त अंगठा, दुसरं पातं स्थिर. आरशात हात उलट्या दिशेला जातो, त्यामुळे पहिली काही मिनिटं कात्री न उघडता नुसता हात फिरवून पाहिला तरी सराव होतो.

बट सोडून द्यावी आणि पुढची घ्यावी. शेजारच्या बटेशी लांबी जुळवायची नाही. प्रत्येक बटेचं माप तिचं तिनेच ठरवायचं, तिचं खराब टोक जिथपर्यंत तिथपर्यंत. सरळ केसांची सवय असलेल्या नजरेला हे सगळ्यात जड जातं. आठ-दहा बटा झाल्या की डोकं हलवून केस झटकावेत आणि पाहावं. मागचा थर झाला की वरचा सोडावा, मग बाजू, मग पुढचे. एक फेरी पूर्ण झाली की कात्री बाजूला. दाट, लांब केसांना या सगळ्याला तासभर सहज लागतो. तेवढा वेळ नसेल तर त्या दिवशी सुरूच करू नये.

पाठीवरच्या लांब केसांना मागे हात पोहोचत नाही. मधोमध भांग पाडून दोन्ही बाजू खांद्यावरून पुढे घेतल्या की टोकं समोर येतात. फक्त एक लक्षात ठेवावं. पाठीच्या मधले केस पुढे यायला लांबचा रस्ता काढतात. दोन्ही बाजू समोर एका रेषेत कापल्या तर मागे मध्यभागी केस लांब राहून निमुळता आकार येतो. अनेकींना तो आवडतोही. नको असेल तर मधल्या बटांचं थोडं जास्त टोक काढायचं.

हेच भूमितीचं तत्त्व पोनीच्या पद्धतीत आहे. केस जिथे बांधले तिथपासून जो केस जितका लांबून येतो, तितका तो कापल्यावर लांब राहतो. खाली वाकून सगळे केस कपाळाच्या वर, अगदी पुढे बांधले आणि टोकं कापली, तर पुढचे केस आखूड आणि मानेवरचे लांब होतात, आपोआप लेयर पडतात. मानेशी बांधून कापले तर उलट, मागचे आखूड आणि पुढचे लांब. समाजमाध्यमांवर कपाळावरच्या पोनीची पद्धत फार लोकप्रिय आहे आणि दोन मिनिटांत होते. लाटदार, मध्यम दाट केसांना ती बरी. घट्ट कुरळ्या केसांना नाही, कारण पोनी बांधताना केस ताणावे लागतात आणि ताणलेली लांबी फसवी असते, हे वर आलंच आहे. लाटदार केसांतही एका वेळी एक सेंटिमीटर, आणि तिरक्या कात्रीने. आडवी छाटली तर लेयरच्या कडा दिसतात.

लांबी मुळीच कमी करायची नसेल, तर फाटे वेचावेत. भरदिवसा पांढरा कागद किंवा फिकं कापड मागे धरून बट तपासायची आणि दुभंगलेला किंवा पांढरा ठिपका पडलेला केस तेवढाच, फाट्याच्या अर्धा सेंटिमीटर वर कापायचा. कुरळ्या केसांना एकाच केसाची स्वतःभोवती पडलेली बारीक गाठही दिसते. ती सोडवत बसू नये, गाठीच्या वर कापावी. हे काम किचकट आहे, मोठ्या कंटाळ्याचं आहे, पण बिनधोक आहे. याला झटपट पर्याय म्हणून बट पिळून बाहेर आलेले सगळे केस छाटण्याची युक्ती सांगितली जाते. ती टाळलेली बरी. पिळातून बाहेर येतात त्यांत नव्याने वाढणारे आखूड, धडधाकट केसही असतात आणि तेही मधेच कापले जातात.

कपाळावरच्या झुलपांना स्वतंत्र इशारा द्यायला हवा, कारण घरी बिघडतात त्यांतली निम्मी प्रकरणं तिथलीच. भुवयांपर्यंत हवीत म्हणून भुवयांशी कापायची नाहीत. आधी नाकाच्या शेंड्यापर्यंत, तीही कोरडी, न ताणता. मग दोन वेळा धुऊन, वाळवून पाहायचं आणि वाटलं तर आणखी.

आखूड कुरळे केस ठेवणाऱ्या पुरुषांचं गणित निराळं आहे. वरचे केस बटेबटेने कात्रीने, कडा मशीनने. मान आणि कानाभोवतालची रेषा राखायला ट्रिमर सोपा पडतो. पण मशीनला नेहमी हवा त्याहून मोठा गार्ड लावून सुरुवात करावी. कुरळा केस टाळूला धरून झोपलेला असतो, तो कंगव्याने उचलल्याशिवाय गार्ड त्याला एकसारखं धरत नाही आणि ठिगळं दिसतात. मानेची रेषा मात्र दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावी. आई, भाऊ, रूममेट, कुणीही चालेल.

मुलींचे केस कापताना शाळेचा विचार करावा. जिथे दोन वेण्या आणि रिबिनी सक्तीच्या आहेत, तिथे पुढच्या बटा आखूड झाल्या की त्या वेणीतून सुटतात आणि रोज सकाळी चिमट्यांची रास लागते. भरतनाट्यम किंवा कथ्थक शिकणाऱ्या मुलींच्या अंबाड्यातूनही त्या तशाच डोकावतात. वेणी घालून पाहावी, कुठली बट कुठपर्यंत पोहोचते ते बघावं आणि मग कापावं. सुट्टीतच कापले तर महिन्याभरात अडचण निम्मी होते, कारण केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात.

हाच वेग स्मूदनिंग किंवा रिबाँडिंग करून पस्तावलेल्यांच्याही कामाचा. रिबाँडिंगमध्ये गंधकाचे पक्के बंध तोडून नव्याने जोडले जातात. तो भाग काही केल्या कुरळा होत नाही, मुळापासून येणारा नवा केस मात्र आपल्या वळणाने येतो. मधे एक रेषा दिसते, वर कुरळे, खाली सपाट, आणि त्या जोडाशी केस तुटतात. एकदम सगळं छाटायचं धैर्य नसेल तर दर दोन महिन्यांनी दोन सेंटिमीटर सरळ टोक काढत जावं. वीस सेंटिमीटर नवे कुरळे केस मिळायला साधारण दीड वर्ष जातं, हे आधीच धरून चालावं. या काळात सपाट आणि कुरळ्या भागांची लांबी जुळवत बसणं व्यर्थ आहे.

कापल्याने केस जोमाने वाढतात, हा समज पक्का रुजलेला आहे. जावळ काढलं की दाट केस येतात, ही त्याचीच बालआवृत्ती. वाढ होते ती त्वचेखालच्या मुळाशी. टोकाशी काय झालं ते मुळाला कळत नाही. अमेरिकेतल्या शरीररचनातज्ज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच प्रयोगाने दाखवलं होतं, की दाढी केल्याने केसांच्या वाढीचा वेग किंवा जाडी बदलत नाही. टोकं काढण्याचा फायदा दुसरा आहे. फाटा वर चढत जातो आणि केस मधेच तुटतो, ते थांबतं. त्यामुळे लांबी टिकते. फाटलेलं टोक सांधणारं सीरम किंवा तेल अस्तित्वात नाही. बाटलीवर काहीही लिहिलेलं असलं तरी तो तात्पुरता चिकटपणा असतो आणि पुढच्या धुण्यात निघून जातो.

मग किती दिवसांनी कापावेत? तारखेपेक्षा केसांकडे बघावं. टोकाशी रोज गुंता व्हायला लागला, गाठी वाढल्या, धुतल्यानंतरही टोकं वळेनाशी झाली, की वेळ आली. आखूड कुरळ्या केसांना दोन-तीन महिन्यांनी, लांब केसांना चार ते सहा महिन्यांनी हे साधारण जाणवतं. रंग लावणाऱ्या किंवा रोज ड्रायर वापरणाऱ्यांना लवकर.

कापून झाल्यावर पहिल्या दिवशी आरशासमोर निर्णय घेऊ नये. एक बाजू वर दिसते म्हणून दुसरी कापायची, मग ती वर जाते म्हणून पहिली, हे चक्र सुरू झालं की थांबत नाही. केस धुवावेत, नेहमीची क्रीम किंवा जेल लावून नेहमीसारखे वाळवावेत. दोन धुण्यांनंतरही एखादी बट ठळकपणे खाली लोंबत असेल तर तेवढीच कापावी. जास्त कापली गेलेली बट दुरुस्त होत नाही. शेजारच्या तिच्याइतक्या करू नयेत, भांग बदलून किंवा चिमटा लावून दोन महिने काढावेत. आणि कापलेले केस वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकावेत, मोरीत नव्हे.

काही वेळा कात्री उचलायचीच नाही. डेंग्यू, टायफॉइड, कोविड किंवा कुठलाही मोठा ताप येऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी, तसंच बाळंतपणानंतर काही महिन्यांनी, केस मूठमूठ गळतात. बहुतेकांचे ते परत येतात. त्या काळात टाळूवर उभे राहणारे आखूड केस तुटलेले नसतात, नवे उगवलेले असतात. त्यांना ‘सारखे’ करायला गेलं की वर्षभराची वाढ वाया. रोज पन्नास ते शंभर केस गळणं हे सर्वसाधारण आहे. त्याहून बरेच जास्त गळत असतील, टाळूवर चट्टे किंवा खाज असेल, किंवा केस मुळाशीच तुटत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. तिथे टोकं कापून काही साधत नाही.

घरी टोकं काढणाऱ्यांनीही वर्षातून एकदा आकारासाठी कुरळे केस कापण्याची सवय असलेल्या माणसाकडे जावं. मुंबई-पुण्यात असे कारागीर आता सहज सापडतात. लहान शहरांत फोन करून सरळ विचारावं, ‘कोरडे केस कापता का?’ जाताना केस धुतलेले, तेल न लावलेले, मोकळे आणि आपल्या नेहमीच्या वळणात असू द्या. बांधून नेऊ नका. आणि घरी कात्री चालवली असेल तर कुठे, किती आणि कधी चालवली, ते खुर्चीत बसल्याबसल्या सांगून टाका. त्याला ते दिसणारच असतं, पण आधी कळलं तर तो त्या बटा राखून बाकीचं कापतो.